निशिगंधाचा डबा

कांद्याची पात चिरली की त्या वासानं अजून मला आईचा तो डबा आठवतो. ऐंशीच्या दशकात आम्ही विलेपार्ल्याला चाळीत राहायचो. दिवाळीनंतर आई ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात निघाली, तेव्हा गॅलरीतला डबा दाखवून म्हणाली, "निशिगंधाचा कंद झोपलाय. पाणी घालू नकोस गं." पण तिची काळजी वाटली की मी तांब्या उचलायचे. कंद कुजला. आता आईचंही काहीतरी होणार, या धास्तीनं मी त्याच्या जागी कांदा पुरला.

घरी आल्यावर आईनं डब्यातली हिरवी पात चुरडून हुंगली आणि माझ्याकडे बघितलं. "छान जपलंस हो," एवढंच म्हणाली.

पुढे त्या कांद्याला पांढरं फूल आलं. देवाजवळ कांदा-लसूण फिरकू न देणाऱ्या आईनं ते देवाला वाहिलं.