मनोऱ्यावरचा ठिपका

तिला सगळे स्टँडताई म्हणत. तरुणपणी ती ज्या स्टुडिओत काम शिकायला राहिली, तिथल्या मालकांनी पहिल्याच आठवड्यात तिला अंधाऱ्या हॉलमध्ये उभं करून कॅमेरा हातात दिला होता. फोटो जराही न हललेले धुऊन आले, तेव्हा ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "हिला स्टँड कशाला हवा? हीच स्टँड!" झालं. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव बाजूला पडलं आणि हे चिकटलं ते कायमचं.

पुढे मालक देवाघरी गेले आणि स्टुडिओ तिच्याकडे आला. एकच खोली, भिंतीवर करडा पडदा, पुढे गोल स्टूल, आरशाशेजारी दोरीला बांधलेला कंगवा. परीक्षेचे, नोकरीचे, परदेशी जाणाऱ्यांचे, लग्न जमवायचे, सगळे चेहरे त्या स्टुलावर येऊन बसून गेले होते. प्रत्येकाला तिचं तेच सांगणं, "हनुवटी थोडी वर. खांदे सरळ. दोन्ही कान दिसू द्यात. आता श्वास सोडा." आणि माणूस श्वास सोडी तेवढ्यात फोटो निघालेला असे.

सगळ्या गावाचे चेहरे तिच्याकडे होते. नव्हता तो तिच्या नवऱ्याचा.

तसा तो घरी फोटोला बसायचा, पण बसल्यासारखा नाहीच. ऐन वेळी डोळे मिटणार, नाहीतर गाल फुगवणार, नाहीतर पाय हलवत राहणार. "अहो, जरा स्वस्थ बसा की," असं ती म्हणाली की म्हणायचा, "मी काय गिऱ्हाईक आहे?" त्याची आई कोपऱ्यातून म्हणायची, "पाळण्यातसुद्धा स्वस्थ नव्हता गं. तू कुठे आशा धरतेस."

त्याचं काम मात्र असं की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. मैदानापलीकडे एक उंच लोखंडी मनोरा होता. त्याच्या टोकावर लाल दिवा, विमानांना अडथळा कळावा म्हणून. तो दिवा बंद पडला की नवा लावायचा, काच पुसायची, वायर तपासायची, हे काम त्याचं. रोज संध्याकाळी सगळं गाव तो दिवा बघायचं. तो लावणारा माणूस कुणी बघितला नव्हता. दिसणार कसा? खालून तो एवढासा ठिपका.

तो चढायचा त्या दिवशी ती कॅमेरा घेऊन गच्चीवर जायची. आणि तिथेच तिचं सगळं नाव पाण्यात जायचं. लोकांच्या लग्नातल्या धक्काबुक्कीत जो हात हलला नाही, तो नवरा मनोऱ्याच्या मधल्या रंगीत पट्ट्याच्या वर गेला की थरथरायला लागायचा. ती तोंडानं देवाचं नाव घ्यायची, कठड्याला कोपर टेकवायची, श्वास रोखायची, पण हात काही ऐकायचा नाही. मागून आणलेली लांबची लेन्स लावूनही फोटोत यायचा तो फक्त एक धूसर, फरकाटलेला ठिपका. स्टँड आणून लावावा, तर स्टँडताईनं स्टँड लावायचा? तिला आपली आपल्यालाच लाज वाटायची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात दोनदा चढायचंय. सोमवारी वायरी बघायच्या, गुरुवारी नव्या तऱ्हेचा दिवा बसवायचा. मग संपलं."

"संपलं म्हणजे?"

"तो दिवा मी पेन्शनीत गेल्यावरही टिकणार म्हणे. मला परत वर कोण बोलावतंय?"

"देव पावला," सासूबाई म्हणाल्या. "माझा टांगलेला जीव एकदाचा खाली उतरेल."

तिनं त्याच्या ताटात भात वाढला. पण तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. आयुष्यभर हा माणूस तिथे चढला, आणि तो तिथे होता हे सांगणारा एक धड फोटो आपल्याकडे नाही. फोटोवालीच्या घरात! आता दोनच संधी उरल्या.

दुसऱ्या दिवशी ती कॅमेऱ्याच्या दुकानात गेली. दुकानदार तिला वर्षानुवर्षं ओळखत होता. त्यानं काचेच्या कपाटातून एक पांढरट, मनगटाएवढी जाड लेन्स काढली आणि तिच्या कॅमेऱ्याला लावून दिली.

"हातात तर घ्या ताई. बघायला पैसे पडत नाहीत."

तिनं दुकानाच्या दारात उभं राहून रस्त्याच्या टोकाच्या घड्याळाकडे कॅमेरा रोखला. एवढ्या लांबून बघताना छातीचा ठोकासुद्धा चित्र हलवतो. घड्याळ पाण्यातल्या चंद्रासारखं डुचमळत होतं.

"बटण अर्धंच दाबा."

तिनं दाबलं. लेन्सच्या पोटात अगदी बारीक गुणगुण झाली, मधमाशी दूर कुठेतरी असावी तशी. आणि घड्याळ थांबलं. म्हणजे काटे चालू होते, पण हलणं थांबलं. हात तिचा तोच होता, थोडा हलत होता, आणि चित्र मात्र घागरीतलं पाणी निवळावं तसं निवळलं. काट्यावर बसलेली माशीसुद्धा दिसली. तिच्या अंगावर काटा आला.

"आत आहे तरी काय हो, भाऊ?"

"आत एक भिंग अधांतरी धरलेलं आहे. तुमचा हात डावीकडे गेला की ते चित्राला उजवीकडे ओढतं, वर गेला की खाली. तुम्ही जितकं हलाल तितकं ते उलटं सावरतं."

"आणि त्याला कळतं, मी कुठे हलणार ते?"

"हलता क्षणी कळतं."

तिनं लेन्स कानाला लावून ती गुणगुण पुन्हा ऐकली. माणसानं हे केलं, आणि माणसाला हे सुचवणारा वर बसलाय, असं तिच्या मनात आलं. मग किंमत ऐकली आणि तिनं लेन्स झोपलेलं मूल ठेवावं तशी हळूच कापडावर ठेवली. स्टुडिओतला प्रिंटर म्हातारा झाला होता, गिऱ्हाइकांचे गाल हिरवे छापत होता. नव्या प्रिंटरसाठी जे बाजूला ठेवलं होतं ते सगळं ही एकटी लेन्स गिळणार होती, आणि वर ढेकरही देणार नव्हती.

"आठवडाभर घेऊन जा," दुकानदार म्हणाला. "पटली तर ठेवा. नाही पटली तर चार दिवसांचं भाडं द्या, काम झालं."

घरी लेन्स पाहून नवरा खो खो हसला. "माझा ठिपका टिपायला एवढी मोठी तोफ?"

"लोकांच्या सुना दागिने मागतात," सासूबाई म्हणाल्या, "आमची नळकांडं मागते."

"आई, अजून घेतली नाही. बघायला आणलीय."

"बघायलाच आणतात सगळं. मांजरसुद्धा आपण बघायलाच आणलं होतं."

सोमवारी कुठलीही जोखीम नको म्हणून तिनं लाज गिळली. स्टुडिओतला जुना जाडजूड स्टँड गच्चीवर नेला, पायांना विटा लावल्या, वर कॅमेरा घट्ट कसला. हात लागायलाच नको म्हणून बटणाला लांब वायर जोडली. एवढं सगळं केल्यावर चित्र हलायचं कारणच नव्हतं. तो चढला, वर पोहोचला, वायरींत डोकं घालून बसला. तिनं भराभर फोटो घेतले.

खाली येऊन पाहते तर एकही धड नाही! प्रत्येक फोटोत मनोऱ्याच्या कडा दुहेरी, आणि मधे तोच फरकाटलेला ठिपका, फक्त पहिल्यापेक्षा मोठा.

जेवताना नवऱ्यानं विचारलं, "आला का ठिपका?"

"आला."

"हललेला?"

"हललेला."

त्याचा हलणारा पाय क्षणभर थांबला. "जाऊ दे गं," तो म्हणाला. "प्रिंटर घे. हिरवी माणसं बघून लोक बिचकतात."

"परत देते उद्या," ती म्हणाली. एवढी महागडी वस्तू, आणि ऐन वेळी तिच्यासारखीच निघाली. तिला लेन्सचा राग आला नाही. आपल्यातलंच कुणीतरी वाटलं.

दुकानदारानं फोटो निरखले आणि विचारलं, "स्टँडवर लावली होतीत?"

"हो. विटा लावून."

"आणि हे?" त्यानं लेन्सच्या कडेचं एक लहानसं बटण दाखवलं. ते चालूच होतं.

"ते बंद करायचं असतं?"

"स्टँडवर असेल तर या लेन्सचं बंद करायचं. अहो, ती हलण्याची वाट बघत बसलेली असते. तुम्ही तिला विटांवर घट्ट बांधलीत. काही हलेचना, तेव्हा ती नसलेलं हलणं शोधत राहिली, आणि आपणच हलली. ताई, हिला हात लागतो. माणसाचा, हलणारा."

"थरथरणारा चालेल?"

"त्याच्यासाठीच तर केलीय."

ती तिथल्या स्टुलावर बसलीच. इतकी वर्षं ती ज्या हातावर चिडली, ज्याला लपवलं, कठड्यावर दाबून धरलं, तोच हात कुणीतरी कुठेतरी बसून आधीच हिशेबात धरला होता. तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. लेन्स तिनं पुन्हा पिशवीत घातली. घरी कुणाला काही बोलली नाही. उगाच आशा लावायची आणि पुन्हा ठिपका यायचा.

गुरुवारी तो सकाळीच गेला. आभाळ स्वच्छ होतं, पण वर वारा असावा, कारण गच्चीवरच्या वाळत घातलेल्या चादरी फडफडत होत्या. ती गच्चीच्या मध्यावर उभी राहिली, कठड्यापासून लांब. स्टँड नाही, टेकू नाही. तो चढू लागला. मधल्या पट्ट्याच्या वर गेला आणि नेहमीसारखा तिचा हात थरथरायला लागला. या वेळी तिनं त्याला थरथरू दिलं. बटण अर्धं दाबलं.

गुणगुण झाली, आणि आभाळ जागच्या जागी थांबलं.

तिनं असं काही आयुष्यात बघितलं नव्हतं. मनोऱ्याचं टोक वाऱ्यानं हळूहळू झुलत होतं. एवढं लोखंड, आणि गवताच्या काडीसारखं झुलत होतं! त्या टोकाला तिचा नवरा पट्ट्यानं अडकून बसला होता आणि त्याच्याबरोबर झुलत होता, झोपाळ्यावर बसल्यासारखा, निवांत. त्याचा पाय हलत नव्हता. घरी चहाचा कप सांडणारे हात एकेक स्क्रू काढून तोंडात धरलेल्या पिशवीत टाकत होते. त्यानं जुना दिवा उतरवला, नवा बसवला, खिशातून फडकं काढून लाल काच पुसली. फडक्याला निळी वेलबुट्टी होती.

"माझा अभ्रा!" ती मोठ्यानं म्हणाली. "घरभर शोधला मी!"

हात अजून थरथरत होता. चित्र ढळत नव्हतं. तिच्या तोंडी देवाचं नाव होतं, पण आज ते मागणं नव्हतं. एवढ्या उंचावर, पाखरांच्या वाटेवर, एक साधा माणूस काच पुसतो आहे आणि त्याला कुणीतरी धरून आहे, हे बघून आपोआप येणारं नाव होतं ते.

काम झालं. आता तो उतरणार, म्हणून तिनं शेवटचा एक फोटो घ्यायचं ठरवलं. पण तो उतरला नाही. हत्यारं कमरेला लावली आणि सावकाश वळून बरोबर त्यांच्या गच्चीकडे तोंड करून बसला. टोपी काढली. हातानंच केस नीट केले. कॉलर सरळ केली. मग त्यानं हनुवटी थोडी वर केली. खांदे सरळ केले. मान अशी धरली की दोन्ही कान दिसावेत. आणि छाती हळूच खाली गेली. श्वास सोडला.

तिनं तेव्हाच बटण पूर्ण दाबलं. ते तिच्या बोटाला सवयीनंच कळलं. डोळे उघडे, गाल नेहमीचे, ओठांवर थोडंसं हसू.

दुपारी तो घरी आला तेव्हा फोटो टेबलावर होता आणि सासूबाई चष्म्यावर भिंग धरून बघत होत्या. "कान बापावर गेलेत," त्या म्हणाल्या, "पण एवढा शहाण्यासारखा कधी बसलेला बघितला नाही गं मी याला."

तो फोटोकडे बघत उभा राहिला. "लेन्स परत दिली नव्हतीस?"

"तुम्हाला वाटलं होतं ना की दिली?"

"हो."

"मग असे नीट कुणासाठी बसलात?"

तो ओशाळला. "तू गच्चीवर असतेसच ना. मला वरून दिसतेस, एवढीशी, ठिपका. कॅमेरावाल्यासमोर नीट बसायला नको? सगळ्या गावाला तर शिकवतेस."

"अहो, म्हणजे… दर वेळी?"

"दर वेळी. काम झालं की."

"आणि कधी बोलला नाहीत!"

"तू म्हणायचीस ठिपका आला. मग काय सांगणार होतो, ठिपका हसतोय म्हणून?"

ती उठून स्टुडिओत गेली. खालच्या खणात ते सगळे वाया गेलेले फोटो होते, टाकवत नाहीत म्हणून ठेवलेले. तिनं ते टेबलावर पसरले. कुठे करडं आभाळ, कुठे उन्हाळ्यातलं पांढरं, आणि प्रत्येकात तो फरकाटलेला ठिपका. अजून तसाच. एकही रेघ आता जास्त स्पष्ट झाली नव्हती. पण त्या प्रत्येक ठिपक्याची हनुवटी वर होती, दोन्ही कान दिसत होते. तिनं ते एकावर एक ठेवताना प्रत्येकाला बोट लावलं, देवाच्या पायाला लावावं तसं.

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं लेन्स परत घ्यायला हात पुढे केला. तिनं पिशवी मांडीवरच ठेवली.

"परत द्यायला आलात ना?"

"पैसे द्यायला आलेय."

"अहो ताई, पण आता तिथे वर चढतंय कोण?" तो चकितच झाला. "आणि तुमचा प्रिंटर?"

"लोक अजून थोडे दिवस हिरवे राहतील. मेलं नाही कुणी त्यानं."

तिनं दाराबाहेर बघितलं. समोरच्या उंच इमारतीच्या अंगावर, अगदी वरच्या मजल्याशी, दोरावर लटकून कुणीतरी रंग देत होतं. तिनं कॅमेरा काढून लेन्स लावली आणि हात हलता ठेवूनच वर रोखला.

"काय बघताय? तो ठिपका?" दुकानदारानं विचारलं.

"ठिपका म्हणू नका हो," ती म्हणाली. "तो बघा, केस नीट करतोय."