नानांजवळ कोण बसलं होतं?

शिरवळच्या एका कारखान्यात मी गेली बारा वर्षं क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. दिवसभर मापं घ्यायची, मापात नाही ते बाजूला काढायचं... स्वभावही तसाच झालाय. घरात भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी ताट उचलून उठतो. असे अनुभव वाचतो, नाही असं नाही, पण हसायला. त्यामुळे आज मीच एक लिहायला बसलोय याचं माझ्या बायकोला जास्त आश्चर्य वाटतंय.

एक आधीच सांगतो — यात दचकण्यासारखं काही नाही. सगळं भरदिवसा घडलं, डिसेंबरातल्या एका रविवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, लख्ख उन्हात. मी घाबरलो नव्हतो. मला लाज वाटते, ती वेगळी गोष्ट.

मला माउंटन बायकिंगचा नाद आहे. दर रविवारी डोंगरात जाऊन गुडघे सोलून घ्यायचे आणि सोमवारी कारखान्याचा जिना कण्हत चढायचा. या नादात माझे जोडीदार होते नाना. खंडाळा तालुक्यातले, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, वय एकसष्ट. चढाला ते मला लाजवायचे. उताराला मात्र ब्रेकवरचं बोट काढायचे नाहीत. "चढ दमवतो रं, पर पाडतो त्यो उतार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आमची आवडती वाट अशी — वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी, तिथून पठाराच्या कडेनं दोन-तीन किलोमीटर, आणि मग वाईच्या अंगाला उतरणारी गुरांची जुनी वाट. चार किलोमीटरचा उतार, मुरमाड, वाटेत तीन फाटे. खाली डांबरी रस्ता लागतो, तिथे एक चहाची टपरी आहे. वर फोनला रेंज नाही. फाट्यावर चुकलेला माणूस दुसऱ्याच खोऱ्यात उतरतो. म्हणून नानांनी एक नियम घालून दिला होता, आणि आम्ही पाच वर्षं तो पाळला. फाटा आला की पुढच्यानं थांबायचं. मागचा दिसला पाहिजे, त्यानं हात वर केला पाहिजे, मगच पुढं निघायचं. "मागचा दिसल्याबिगर फाटा सोडायचा न्हाई. मग त्यो सख्खा भाऊ आसू दे न्हाईतर दुश्मन."

आता माझा खुळेपणा. आमच्या सायकलवाल्यांचं एक ॲप असतं. कुठल्या उताराला कुणाला किती वेळ लागला ते त्यात सगळ्यांना दिसतं. या उतारावर सांगलीचा एक पठ्ठ्या माझ्यापेक्षा अकरा सेकंदांनी पुढे होता. अकरा! आणि ॲपमधलं घड्याळ तुम्ही थांबलात तरी थांबत नाही. म्हणजे तीन फाट्यांवर नानांसाठी उभं राहायचं म्हटलं, तर तो सांगलीकर जन्मात हाती लागणार नव्हता. नानांना विचारलं असतं तर ते "जा की, मी येतो सावकाश" म्हणाले असते. दोन शब्दांचं काम. पण मी विचारलं नाही... आपण नियम मोडतोय हे त्यांना कळू नये असं वाटत होतं बहुतेक.

पहिल्या फाट्याला मी थांबलो नाही. इथे माझा स्वतःचा अनुभव येतो, तो एवढाच. नानांच्या मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, फार वाजायचा. पेडल मारणं थांबवलं की मोठ्यानं करकर करकर. आम्ही त्याला नानांचा हॉर्न म्हणायचो. ती करकर मला पाठीमागे ऐकू येत होती. पहिल्या फाट्याला, दुसऱ्या फाट्याला, अगदी खालच्या शेतांपर्यंत. वीसेक पावलांवर. मी मनात म्हटलं, म्हातारा आज सुसाट आलाय, मग थांबायचं कशाला? उतारावर सुटणं हे नानांच्या स्वभावातच नाही, हे काही मला सुचलं नाही. सुचायला नको होतं म्हणा.

डांबरी रस्त्याला येऊन वळून पाहिलं, तर मागे कुणी नाही.

नऊ सेकंदांनी मी त्या सांगलीकराच्या पुढे होतो. टपरीवर दोन चहा सांगितले. राइड ॲपवर चढवली, शाबासक्या येऊ लागल्या, त्यांना उत्तरं देत बसलो. नाना वाटेत कुणाशी तरी ऊस-पाण्याच्या गप्पा मारत उभे राहिले असणार, त्यांची ती खोडच होती. त्यांच्या चहावर साय धरली, तोही मीच प्यायलो. एक तास दहा मिनिटं मी तिथे बसून होतो. हा आकडा ॲपमध्ये अजून आहे, एक राइड संपल्यापासून वर जातानाची दुसरी सुरू होईपर्यंतचा. पुसलेला नाही.

मग वर निघालो. दुसऱ्या फाट्याच्या जरा खाली दोन माणसं घोंगड्याच्या झोळीतून नानांना आणताना दिसली. मागे एक शेरडं राखणाऱ्या मावशी, नानांची सायकल ढकलत. नाना पहिल्या फाट्याच्याही वर, दोनशे पावलांवर पडले होते. मुरमावरून चाक सरकलं, मांडीचं हाड मोडलं. मी त्या फाट्याला थांबलो असतो, तर दोन मिनिटांत मला कळलं असतं.

मला पाहून नाना त्या अवस्थेत हसले. "आलास व्हय? बरं केलंस गड्या, माणसं लावून दिलीस. आता जरा दम खा, लय येळ बसलास माझ्यापाशी."

मला वाटलं, दुखण्यानं बरळतायत. पण मावशी म्हणाल्या, "आवं, तुमीच न्हवं का हात हालवून बोलावत व्हता? समोरच्या टेकाडावनं बघितलं मी. ह्ये आडवं, अन् तुमी उशाला बसलेलं. असलीच टोपी डोक्यावर. म्हणून तर मालकास्नी धाडलं."

त्यांचे मालक म्हणाले, "मी गेलो तवा हे एकलंच व्हतं. म्हनले, त्यो आत्ताच खाली गेला."

नानांचा पाय दोन काटक्यांना सायकलच्या ट्यूबनं बांधलेला होता. साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे कुणी बांधलं, झकास बांधलंय. नानांनी माझ्याकडे बोट केलं. ट्यूब त्यांच्याच पिशवीतली होती. फौजी माणूस, स्वतःही बांधू शकतो... हे मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल. आणि मावशींना लांबून दिसलं, उन्हात चुकलं असेल, तेही सांगून पाहिलं.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. "मी नव्हतो," बस्स. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात काकी, म्हणजे नानांच्या मालकीण, माझे दोन्ही हात धरून रडल्या. "तुम्ही हुतासा म्हणून माणूस हाती लागलं," म्हणाल्या. आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर माझं कौतुक सुरू झालं, सोबत असावी तर अशी वगैरे. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. एकदा नानांना हळूच म्हणालो, "नाना, त्या दिवशी मी तिथं नव्हतो हो." ते हसले. "लाजतोस काय पोरीवानी? मला काय दिसत न्हवतं?" मीही गप्प बसलो. गोड लागत होतं ते, खोटं कशाला बोलू.

नाना पुन्हा सायकलवर बसले नाहीत. काठी घेऊन अंगणापर्यंत. मी दर रविवारी जायचो. एकदा काकी आत गेल्यावर ते म्हणाले, "त्या दिवशी महेशबद्दल तुला बोललो न्हवं का, ते ध्यानात ठेव. मी हाय तवर बोलू नगंस. माझ्या मागारी त्याला सांग."

महेश त्यांचा मुलगा. फौजेत भरती झाला आणि ट्रेनिंग अर्धवट सोडून परत आला. नाना त्याला चार माणसांत नको ते बोलले. पोरगा त्याच आठवड्यात सांगलीला गेला, हळदीच्या गोदामात नोकरी धरली. सहा वर्षं बाप-लेकात शब्द नाही. दवाखान्यातही तो आला तो नाना झोपेत असताना, आणि ते उठायच्या आत गेला.

तेव्हा तरी सांगायचं होतं मी. नाना, परत एकदा सांगा, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मग आधीचं सगळं खोटं उघडं पडलं असतं. मी मान डोलावली. "ध्यानात आहे, नाना." हेच वाक्य. याऐवजी माझ्या तोंडून दुसरं काहीही गेलं असतं तर बरं झालं असतं.

श्रावणात नाना गेले. हृदयानं दगा दिला, अर्ध्या तासात सगळं आटोपलं.

दहाव्याला नदीवरून परतताना महेश माझ्या शेजारी आला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा रांगडा गडी, डोळे सुजलेले. म्हणाला, "आई म्हणती, आण्णांनी माझ्यासाठी तुमच्यापाशी काय तरी सांगून ठेवलंय." नानांना तो आण्णा म्हणायचा; आणि काकींनी ते त्या दिवशी आतून ऐकलं असणार.

काय बोलायचं ते माझ्या तोंडात तयार होतं. "माझंच चुकलं, असं म्हणाले नाना." कुणालाही सुचेल, आणि कदाचित खरंही असेल. पोरगा सुटला असता. मीही सुटलो असतो. पण तो माझ्या तोंडाकडे पाहत होता, तहानलेला माणूस भांड्याकडे पाहतो तसा. आणि मला कळलं की हे वाक्य तो मरेपर्यंत बापाचं म्हणून जपणार, आणि ते असणार माझं. मी सगळं सांगितलं. फाटे, अकरा सेकंद, टपरी, दोन चहा. मान वर करून सांगता आलं नाही.

तो चिडला नाही. चिडायला हवा होता. मागे नदीकडे वळून म्हणाला, "मग त्यांनी सांगितलं कुणाला?"

 दोन वर्षं झाली. डॉक्टर मित्राला विचारलं, तो म्हणाला धक्क्यानं भास होतात. मग मावशींना कसला धक्का बसला होता? आणि मी ज्या चाकाची करकर खालपर्यंत ऐकली, ते चाक तेव्हा वर मुरमात आडवं पडलं होतं. मी या सगळ्याची बेरीज करून पाहिली, जमत नाही. आता करतही नाही. कोण होतं ते, यापेक्षा मी नव्हतो, हेच मला जास्त टोचतं.

महेश आता महिन्यातून एकदा सांगलीहून आईकडे येतो. आला की त्या वाटेवर चालत जातो, आणि नाना पडले होते तिथे एका दगडावर बसून राहतो. गेल्या महिन्यात त्यानं मला फोन केला. "तुमी येता का?" म्हणाला. मी सायकल न घेता गेलो. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो.  ऊन चढलं, खालच्या शेतात कुणीतरी मोटर सुरू केली. दोन तास आम्ही तिथे होतो.

कुणी आलं नाही.