पंप आणि हाळी

मला राग लवकर येतो, हे आमच्या आरोग्य केंद्राच्या भिंतींनाही ठाऊक आहे. भोकरकडच्या त्या गावात डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा एका शेतकरीमामांवर माझा विशेष राग होता. छातीचा जुना आजार. मी तोंडात मारायचा औषधाचा पंप दिला, त्यांनी बिडी सोडली, तरी दर खेपेला धाप तशीच.

"मामा, खरं सांगा, पंप मारता की घरी नुसता ठेवता?"

"देवाशपथ मारून राहिलो, म्याडम. रोज दोनदा."

मी कागदावर लिहून टाकलं, औषध नीट घेत नाहीत.

त्यांचं गाऱ्हाणं एकच होतं. "हाळी जाईना हो." पूर्वी जेवायच्या वेळी बांधावरून हाळी दिली की नदीकाठच्या रानात खुरपणाऱ्या बायकोला ऐकू जायची. आता तोंड उघडलं की नुसती शिट्टी. धाप मोजायला आम्ही रुग्णांना विचारतो, चढावर थांबावं लागतं का, बरोबरीच्यांच्या मागे पडता का. यांचं माप हाळी होतं! मला मोठं नवल वाटलं, आणि राग जरा बाजूला ठेवून मी पहिल्यांदाच म्हणाले, "करून दाखवा बरं."

मामांनी टोपी सारखी केली, खिडकीकडे बघून वाऱ्याचा अंदाज घेतला, श्वास गच्च धरला आणि पंप तोंडात मारला. फुस्स! मग सगळं बाहेर फुंकून दिलं.

"अहो, श्वास काय धरता? आत ओढायचं असतं!"

"आत?" त्यांनी पंप तोंडापासून लांब धरला. "पंप मारताना दम कोण घेतं, म्याडम? इख जाईल की पोटात!"

जन्मभर पंपानं कापसावर विष फवारलेला माणूस. त्याच्या हातात मी पंप दिला आणि 'मारा' म्हणाले. दुसरं काय होणार? मी खो खो हसले, आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा महिने मी त्यांना खोटं ठरवत होते.

औषध आधी साठून सावकाश आत जावं म्हणून कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीच्या बुडाला भोक पाडलं आणि त्यात पंप बसवला. "आधी सगळा श्वास सोडा. बाटलीला तोंड लावा, पंप दाबा, हळूहळू आत ओढा. मग धरा." हे औषध आहे, इख नाही, हे मात्र तीनदा सांगावं लागलं.

महिना-दीड महिन्यानं मामा बाटली घेऊन आले. मी बसा म्हणायचंही विसरले. "हाळी?"

"जाती की! विहिरीपतोर."

"आणि नदीपर्यंत?"

"न्हाई."

गेलेलं फुप्फुस परत येत नाही, हे मला माहीत होतं. ते यांना कसं सांगायचं, ते माहीत नव्हतं. मी ती बाटलीच उलटसुलट करत बसले. मामाच हसले.

"त्याचं काय न्हाई, म्याडम. जेवायच्या वक्ताला आता कारभारीणच विहिरीपाशी यून थांबती."