प्रमिलाबाईंच्या अंगणातलं मीठ

प्रमिलाबाईंनी खाडीपट्ट्यातल्या नवागामला घर बांधलं ते १९९१ साली, पण अंगणात काही जगेना. बोअरचं पाणी खारट. वांगी, मेथी, सगळं जळून जाई. "इथं माती नाही, मीठ आहे," असं शेजारची शोभा म्हणाली तेव्हा बाई भडकल्या. शिरपूरला निम्मी हयात शेतात घातलेल्या बाईला ही माती शिकवणार!

गल्लीतल्या कच्छी ट्रकवाल्याने तिकडच्या खाऱ्या रणातलं एक झुडूप आणून दिलं, बारीक, गुबगुबीत पानांचं. ते मात्र मजेत वाढलं. त्याची जुनी पानं लाल होऊन गळत, आणि बाई गावाकडच्या रीतीने ती गोळा करून बुंध्याशी घालत. झाडाचं झाडाला. त्या झुडपाशेजारी लावलेली मेथी मात्र पुन्हा जळाली.

एका सकाळी बाईंनी गळलेलं पान जिभेवर ठेवलं आणि थू करून टाकलं. नुसतं मीठ! मग हिरवं पान चाखलं, ते एवढं खारट नव्हतं. म्हणजे हे झाड मीठ पितं, जुन्या पानांत कोंबतं, पान भरलं की टाकून देतं. आणि आपण शहाण्या, तेच उचलून परत त्याच्या पायाशी घालतोय! बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

मग अंगणभर तीच झुडपं लावली. गळलेली पानं पाटी भरभरून लांब खाडीकडे टाकली. चौथ्या वर्षी, पाऊस सरल्यावर, अंगणातल्या झुडपांमधल्या वाफ्यात तळहाताएवढ्या पानांचा पालक उभा राहिला.

शोभा बघतच राहिली. "खत कोणतं घातलंत हो?"

बाईंनी पदर खोचला. "घातलं काही नाही. तीन वर्षं नुसतं काढलं."