पदर खांद्यावर यायची जागा

मंगळवारी सकाळी तिने चहा केला, कपांत ओतला आणि ती जमिनीवर बसली. मी विचारलं, काय झालं. तिने कपाकडे बोट दाखवलं. शहाद्याला दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी मनगट धरलं आणि सोडलं. शाळेला सुट्टी दिली गेली.

माझी बायको आमच्या गावच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. त्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई. मी लोणखेड्याच्या कॉलेजात ग्रंथपाल. मी सकाळी पहिल्या गाडीने निघायचो, ती माझ्यानंतर बऱ्याच वेळाने चालत शाळेत जायची. म्हणजे इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला शाळेत जाताना क्वचितच पाहिलं. हे ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि तेही एका भिंतीमुळे.

जानेवारीत सगळ्या शाळांत मुलींच्या शिक्षणासाठी झटलेल्या बायकांचा दिवस साजरा होतो. फोटोला हार, मुलींची भाषणं, नऊवारीतल्या छोट्या छोट्या मुली. तिच्या जागेवर आलेल्या नव्या बाई म्हणाल्या, "दरवर्षी पुस्तकातल्या बायकांना हार घालतो. यंदा आपल्या शाळेतल्या बायकांची चित्रं भिंतीवर काढू." नव्या बाई सातपुड्यातल्या. आमच्याच शाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेल्या, माझ्या बायकोच्या विद्यार्थिनी आणि पुढे तिच्याच हाताखाली शिक्षिका.

तिघींची चित्रं ठरली. पहिली, शाळेत सर्वांत आधी शिकवायला आलेली बाई. ती तापीपलीकडून आली होती आणि गावात तिला कुणी खोली देईना म्हणून काही महिने शाळेच्याच वर्गात राहिली. दुसरी वसतिगृहाची अधीक्षिका. डोंगरातल्या पाड्यांवर पायी फिरून तिने पहिल्या मुली आणल्या. तिसरी माझी बायको. जागा ठरली ती शाळेच्या कुंपणाची रस्त्याकडची भिंत. शेतात जाणारा-येणारा अर्धा गाव त्या रस्त्याने जातो.

पेंटर शहाद्याचा होता. दुकानांच्या पाट्या आणि निवडणुकीच्या भिंती रंगवणारा. त्याला एकच चेहरा येत होता असं माझं मत झालं, कारण पहिल्या दोघी सख्ख्या बहिणींसारख्या दिसू लागल्या. नव्या बाईंनी नाकाची तक्रार केली तर म्हणाला, "मॅडम, नाक शेवटी बघू. आधी तिसऱ्या मॅडमचं डोकं ठरवा. मला दोन फोटो मिळालेत. एकात डोक्यावर पदर आहे, एकात नाही. पदर असला तर माझं काम सोपं. केस काढायला अर्धा दिवस जातो."

पदराचा फोटो माझ्या मोठ्या भावाने पाठवला होता. बिनपदराचा शाळेने दिला होता.

इथे थोडं सांगायला हवं. पहिल्या दोघी बाहेरून आलेल्या. त्यांच्या डोक्यावर पदर असावा की नसावा हे विचारणारं गावात कुणी नव्हतं. माझी बायको रनाळ्याची लेक आणि आमच्या घरची सून. आमच्याकडे थोरल्या दिरासमोर सून डोक्यावरून पदर घेते. दादा ओट्यावर बसलेला असायचा, म्हणून ती घरातून निघताना पदर घ्यायची. शाळेत तो खांद्यावर असायचा. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं.

दादा त्या संध्याकाळी मला म्हणाला, "आपला घरनी वहू शे ती. रस्तावर उघडा डोकानी उभी करशी तिले?"

आई-वडील लवकर गेले. मला वाढवलं ते दादाने आणि वहिनीने. त्याच्यासमोर मी आवाज चढवलेला नाही. डोकं ठरेपर्यंत थांब, एवढंच मी पेंटरला सांगितलं. पेंटरने तिचं चित्र कपाळापर्यंत काढलं आणि वरची जागा पांढरी सोडली. चष्मा होता, हातात हजेरी होती, डोकं नव्हतं. लोक येता-जाता थांबायचे. "मास्तरीणबाईनं डोकं कथा गयं?" डोकं कुठे गेलं म्हणून एकाने मलाच विचारलं आणि मग मी कोण हे आठवून जीभ चावली.

नव्या बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही सांगाल तसं. दादांशी मला वाद घालता येणार नाही, पण तुमचा शब्द शाळा मानेल."

मला आधी एक गोष्ट माहीत करून घ्यायची होती. घरात पदर डोक्यावर, शाळेत खांद्यावर. मग तो रस्त्यात कुठेतरी खाली येत असणार. नेमका कुठे? माझी समजूत अशी होती की ती जागा कळली तर, शाळेसमोरच्या रस्त्यावर तिचं डोकं कसं असायचं हे कळेल, आणि मग मला काही ठरवावं लागणार नाही. उत्तर आपोआप येईल. पुस्तकांत राहणाऱ्या माणसाला असंच वाटतं.

आधी मी जुन्या शिपायाकडे गेलो. तो आता निवृत्त होऊन अंगणात खाटेवर असतो. त्याला शंकाच नव्हती.

"फाटकमा," तो म्हणाला. "फाटकमा पाय ठेवा का पदर खांदावर. एक पाऊल आधी नई. मी रोज फाटक उघडू, मले ठाऊक नई तं कोले?"

मग पिठाच्या चक्कीवाल्याकडे. चक्की घर आणि शाळा यांच्या मधोमध आहे. त्याने पट्टा बंद केला, कानावरची पिठी पुसली आणि हसला.

"मन्ही चक्कीजोडे. पदर खाले उना, म्हणजे साडेधा वाजनात. तिले देखीसन मी घड्याय लावू. शिपाई म्हातारा व्हयना, तो काय सांगस!"

तिसरी आमच्या गल्लीतली दहावीतली मुलगी. ती सायकल हातात धरून माझ्या बायकोबरोबर चालत जायची. तिला प्रश्नच चमत्कारिक वाटला. "गल्लीच्या तोंडाशी, काका. तिथे लाइटचा खांब आहे ना, तिथे. खांब आला की काकू पदर खांद्यावर टाकायच्या आणि मला विचारायच्या, काल काय वाचलं?"

तीन माणसं, तीन जागा. मला वाटलं, आठवण अशीच असते, जो तो आपल्या दारापुढची जागा सांगतो. मी दोन-तीन दिवस विषय सोडून दिला. मग कॉलेजात जुन्या मासिकांचे गठ्ठे वर्षांनुसार लावताना हात थांबला. मी त्या तिघांना वर्षांनुसार लावलंच नव्हतं.

शिपाई ती नवी शिक्षिका असतानाचा. तिला पर्यवेक्षिका केलं त्याच सुमारास तो निवृत्त झाला. चक्कीवाल्याने मधल्या वर्षांत घड्याळ लावलं, कारण पुढे त्याने मोबाइल घेतला आणि दारात उभं राहायचं सोडलं. आणि मुलगी तर कालपरवाची. तिघंही खरं बोलत होते. जागा सरकत होती. आधी शाळेचं फाटक, मग चक्की, मग गल्लीतला खांब. ती शाळेतून घराकडे येत होती.

मी एका रविवारी तो रस्ता उलटा चाललो, फाटकापासून घरापर्यंत. मध्ये कुठे कुठे ती थांबली असेल ते शोधत. कापसाच्या गाड्या जात होत्या. मोरी आहे, दूध डेअरी आहे, मारुतीचा पार आहे. पारावर नेहमी म्हातारे बसतात. पारासमोरून पदर खाली घेऊन जाणं आणि डेअरीसमोरून जाणं यांत फरक आहे. पार ओलांडायला तिला किती वेळ लागला असेल? एक वर्ष? चार? की एखाद्या दिवशी हातात वह्यांचा गठ्ठा होता आणि पदर सावरता आला नाही, आणि कुणी काही म्हणालं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीही तो तसाच राहिला? तिने हे ठरवून केलं की होत गेलं, हे मला कळलेलं नाही. मी पारावर विचारलं. म्हातारे म्हणाले, आम्ही बायांकडे बघत नाही. मग त्यांतल्याच एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं.

एकदा मोटारसायकलवरून नंदुरबारला जात होतो. गावची शीव ओलांडल्यावर ती मागून म्हणाली होती, "तुम्हले पुस्तकमाधलं बठं दिसस. वाटवरलं काहीच दिसत नई." मी म्हणालो, गाडी चालवताना वाटच बघतोय. ती हसली. मला तेव्हा वाटलं ती खड्ड्याबद्दल बोलतेय.

नव्या बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मी पाचवीत वसतिगृहात आले ना, तेव्हा मला वाटायचं बाईंना गावात ऊन जास्त लागतं. आमच्या घरी तर दिराला बघून कुणी पदर घेत नव्हतं. मी एकदा त्यांना आमच्या आईची ओढणी देऊ केली होती, जाड आहे म्हणून. त्या इतक्या हसल्या! पण कारण सांगितलं नाही. म्हणाल्या, मोठी झालीस की बघ."

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जिने माझी पंचाईत वाढवली. सातवीनंतर गावातल्या मुली शाळेत यायच्या थांबत. मग ती त्यांच्या घरी जायची. डोक्यावरून पुरता पदर घेऊन. ओट्यावर पुरुषांत न बसता आत चुलीपाशी जाऊन बसायची, भाजी निवडू लागायची, आणि उठताना मुलीचं दप्तर मागायची. "पदर घेतलेल्या बाईंना कुणाला घालवता यायचं नाही, सर. आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो, आज बाईंनी पदर घेतला, आता मुलगी आलीच."

म्हणजे दोन्ही फोटो खरे होते. पदर तिने नुसता टाकला नव्हता, कामालाही लावला होता. जागा शोधून मला आपोआप उत्तर मिळणार होतं, ते काही मिळालं नाही. चित्र एकच निघणार होतं आणि पेंटर दुसरं काम घेऊन दोंडाईच्याला जायची घाई करत होता.

मी दादाकडे गेलो. तो घराच्या मागच्या बाजूला गोठ्यापाशी खाटेवर होता. वहिनी शेंगा फोडत होती. मी शिपाई, चक्की, खांब, सगळं क्रमाने सांगितलं. मला वाटलं त्याला हे नवीन असेल.

"मले ठाऊक व्हतं," तो म्हणाला. "चक्कीपान उनी तव्हयच मी समजनू. मी वट्टावर बसनं कसाले सोडं, तुले काय वाटस? गुडघा दुखस म्हनीसन?"

मला तसंच वाटत होतं. काही वर्षांपूर्वी त्याने सकाळची बैठक पुढच्या ओट्यावरून इथे मागे आणली, तेव्हा तो गुडघ्याचं आणि पायऱ्यांचं बोलला होता. ओट्यावरून गल्लीचं तोंड सरळ दिसतं.

"मी देखं तं मले बोलनं पडी," दादा म्हणाला. "बोलनू तं घरमा भांडण. म्हनीसन देखंच नई."

वहिनी शेंगांतून मान वर न करता म्हणाली, "तुम्ही मांगे बसनात म्हनीसन ती मोरे गई."

"तू चूप बस."

"चूपच शे मी. चाळीस वरीस चूपच शे." तिच्या डोक्यावर पदर होता. आमच्या घरात तो तिच्या डोक्यावरून कधी हललेला मी पाहिलेला नाही.

दादाने विडी पेटवली. मग जे बोलला ते मला खोडता आलं नाही. तो म्हणाला, ती होती तोवर मी मागे येऊन बसत होतो, तिची वाट तिला, माझी मला. आता तू तिला माझ्या शेताच्या रस्त्यावर उभी करणार, दिवसभर, पावसाळ्यातही. "भिंतले मी पाठ कशी फिरवू?"

मी म्हणालो, "दादा, ती खांबापर्यंत आली होती."

"मंग?"

"मी तिला परत फाटकाच्या आत नेऊ का?"

त्याने गोठ्याकडे तोंड फिरवलं. विडी खाटेच्या पायावर विझवली. वहिनीने शेंगांची टोपली उचलली, माझ्याजवळून जाताना थांबली, आणि आत गेली. मीही उठलो. चालेल ना, असं मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि मग मला त्याचं ऐकावं लागलं असतं.

शाळेत जाऊन मी पेंटरला केस काढायला सांगितले. तो म्हणाला, "काळे की पांढरे?" मी म्हणालो, कानाजवळ पांढरे. त्याने खरंच अर्धा दिवस घेतला.

कार्यक्रमाला वर्गावर्गातल्या मुलींनी तिघींवर भाषणं केली. अधीक्षिकेची नात आली होती. तिने आजीचं नाक असं नव्हतं म्हणून सांगितलं. वहिनी आली, डोक्यावर पदर घेऊन, आणि बायकांच्या मागच्या रांगेत बसली. कार्यक्रम संपल्यावर ती भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली. कसं वाटलं असं मी विचारलं, तर म्हणाली, "चष्मा बराबर शे." दादा आला नाही.

आता दादा पाटाच्या रस्त्याने शेतात जातो. तो रस्ता लांबचा आहे. रात्री आम्ही एकत्र जेवतो, कापसाचं बोलतो, भिंतीचं बोलत नाही. तिच्या चित्रातलं नाक तिचं नाही, केस तिचे आहेत. घरात आम्ही तिघं आहोत.