नणंदेचा होकार

ताई खुर्चीवरून उठली, खिडकीपर्यंत गेली आणि तशीच परत आली. पडद्यावर भावजयीनं कोडमध्ये केलेला बदल होता आणि त्याखाली मंजुरीचं बटण. बाकी सगळ्यांनी मान डोलावली होती. संध्याकाळनंतर नव्या आवृत्तीत काही घेणार नव्हते, आणि अडलं होतं ते ताईच्या होकारापाशी.

ऑफिसात तिला सगळेच ताई म्हणत, वयानं मोठे असलेलेही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, नवी प्रोसेस तयार करणारा कोड असतो. तो ती बरीच वर्षं सांभाळत होती. संगणकावर कुठलाही प्रोग्रॅम सुरू करा, त्याची प्रोसेस बनते, आणि वाट तिच्याच दारावरून. चालू प्रोसेसची नक्कल करायची: मेमरी, उघड्या फायली, परवानग्या, पायरीपायरीनं. मध्येच काही कमी पडलं, तर केलेलं सगळं उलट्या क्रमानं आवरायचं.

भावजयीचा बदल शहाणपणाचा होता. एका वापरकर्त्यानं किती प्रोसेस चालवाव्यात याला मर्यादा असते. ती मोजणी आजवर अर्धी नक्कल झाल्यावर व्हायची. भावजयीनं ती अगदी सुरुवातीला आणली. नकारच द्यायचा तर दारातच द्यावा, आत बसवून कशाला? काम वेगानं होत होतं, सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या.

तरी ताईला चैन नव्हतं, आणि कारण विचारलं तर सांगता येत नव्हतं. मागे असंच एकाचं काम तिनं पंधरवडाभर अडवलं आणि निघालं काहीच नाही. तेव्हापासून विभागप्रमुख तिच्या शंकांना ‘ताईंची कुरकुर’ म्हणत. पुन्हा तसंच झालं तर तिच्या शब्दाला कुत्रं विचारणार नव्हतं. आणि अडवायचं कुणाला, तर जिच्याबरोबर रोज एकाच ओट्यावर डबे भरायचे तिला.

सकाळी ओट्यापाशीच ठिणगी पडली होती.

“काय वन्सं, आज होकार मिळणार की पुढच्या जन्मी?” ऑफिसात भावजय तिला ताई म्हणे, ‘वन्सं’ फक्त चिमटा काढायला.

“बघते.”

“कधीच्या बघताच आहात. नणंद ती नणंदच, आई म्हणायची ते खोटं नाही.”

“आणि भावजय ती भावजयच. झाकण नीट लाव, सांडेल.”

ताईचा भाऊ दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगणारा हा गृहस्थ या दोघींमध्ये मात्र आपलं कधी उघडत नसे. त्यानं डबा उचलला आणि जिना गाठला.

शेवटी ताई भावजयीच्या टेबलाशी गेली. “तुझ्या चाचण्यांत नक्कल एकदा तरी अर्ध्यावर मोडली का?”

“नाही. तेच तर सांगतेय.”

“मीही तेच सांगतेय. मुद्दाम मोड. मेमरी आवळ, पुन्हापुन्हा मोडू दे. मग मेमरी परत दे आणि एक साधी प्रोसेस मागून बघ.”

“आणि काहीच निघालं नाही तर?”

“तर होकार देते, आणि आजपासून कुरकुर बंद. प्रमुखांसमोर सांगते.”

चाचणी चालू असताना ताईनं धुतलेला कप पुन्हा धुतला, भरलेली बाटली भरायला नेली. परत आली तेव्हा भावजय पडद्यावरचा नकार पुन्हा वाचत होती. मशीनला मेमरी परत मिळाली होती, चाचणीच्या वापरकर्त्याची एकही प्रोसेस चालू नव्हती, आणि तरी ते म्हणत होतं, मर्यादा संपली.

मोजणी वर आली होती. मोजलेलं वजा करणारी ओळ मात्र जुन्याच पायरीवर राहिली होती. लवकर मोडलेली नक्कल त्या ओळीला वळसा घालून बाहेर पडे आणि आपला आकडा मागे ठेवून जाई. नुकत्याच सुरू केलेल्या मशीनवर हे कुणालाच कळलं नसतं. महिनोन् महिने चालणाऱ्या मशीननं मात्र एक दिवस मालकालाच दाराबाहेर उभं केलं असतं.

भावजयीनं ओळ हलवली. ताईनं वाचली, आता चूक नव्हती. तेवढ्यात प्रमुख आले.

“एका ओळीचंच होतं ना? ताई, द्या होकार. वेळ आहे अजून.”

“माझी हरकत नाही,” ताई म्हणाली.

“माझी आहे,” भावजय म्हणाली.

“आता तुमची काय?”

“ही ओळ राहिली तशी आणखी काय राहिलंय, मला माहीत नाही. प्रत्येक पायरीवर मोडून बघायचंय.”

“अहो, पुढची आवृत्ती म्हणजे अर्धं वर्ष गेलं!”

“जाऊ दे.” तिनं स्वतःच्या हातानं बदल मागे घेतला.

“एक होती, आता दोघी झाल्या,” असं पुटपुटत प्रमुख निघून गेले.

ताईचा शब्द राहिला होता. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. “चल, घरी जाऊ,” ती म्हणाली.

“तुम्ही व्हा पुढे.” भावजयीनं मान वर केली नाही. ती पुन्हा मेमरी आवळत होती.

ताई लिफ्टपर्यंत गेली. लिफ्ट आली, उघडली, रिकामीच मिटली. ती मागे फिरली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.