डाव्या दरवाजाचा लाल

गॅरेजात गाडी टाकली की मालक बाकावर बसतो, चहा घेतो आणि बोलत सुटतो. जळगावात बावीस वर्षं डेंटिंग करतोय, असे किस्से पोत्याने साठलेत. पण मित्र बसले की माझ्या तोंडी येतात ते आमच्या पेंटरचे, भाऊंचे. धुळ्याकडच्या नरडाण्याचा माणूस. मी पत्रा सरळ करायचो, ते रंग मारायचे.

*

भाऊ शेड नंबर बघतच नसत. नुसत्या नजरेने रंग जुळवायचे. एकदा एक गिऱ्हाईक गाडीभोवती चार चकरा मारून भडकलं, "दरवाजा बदललाच नाही तुम्ही!"

भाऊ आत गेले आणि जुना चेपलेला दरवाजा आणून त्याच्या पायाशी ठेवला.

*

पुढे पुढे भाऊ रंगाचे डबे घेऊन उन्हात जाऊ लागले. "आत उजेड कमी शे," म्हणायचे. गॅरेजच्या शेठने चार नव्या ट्यूब लावल्या.

तरी भाऊ उन्हातच.

*

असोद्याचे आबा म्हणजे रिटायर्ड मास्तर. हौसेने एक जुनी दोन दरवाजांची लाल स्पोर्ट्स कार घेतलेली. रंग उडालेला, डावा दरवाजा गंजलेला.

"बठ्ठी गाडी करनी शे का?" भाऊंनी विचारलं. बठ्ठी म्हणजे सगळी; काचा उतरवा, जुना रंग काढा, महिनाभर काम. आबा तीन रविवार नुसते विचार करून गेले. चौथ्या रविवारी म्हणाले, "डावा दरवाजा मारा, बाकी पॉलिश. आमची ही म्हणते, एवढ्यात घराला रंग होतो."

*

रंगवलेला दरवाजा उन्हात आला. पॉलिशने गाडी चेरीसारखी लाल, दरवाजा विटकरी.

"कसा बसला, आबा?" भाऊंनी विचारलं.

आबांनी दरवाजाकडे पाहिलं, मग भाऊंकडे. "एकजीव," म्हणाले, आणि गाडी घेऊन गेले.

दोन दिवसांनी समोरचा रिक्षावाला हसत भाऊंना म्हणाला, "आबांच्या गाडीला दोन रंग कोणी दिले हो?"

भाऊंनी स्प्रे गन धुतली, पुसली, ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मी फोन केला तर वहिनी म्हणाल्या, "धुळ्याला डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाले, नजर आहे तेवढीच राहील, सुधारणार नाही."

आबांना हे मीच सांगितलं, भाऊ काम सोडताहेत हेही. त्यांनी विचारलं, "भाऊ सामान न्यायला कधी येणार?"

*

त्या दिवशी आबा गाडी घेऊन हजर.

"भाऊ, बठ्ठी गाडी करायची."

भाऊंनी मान खाली घातली. "दुसरा पेंटर बघा, आबा. तो लाल आता मला दिसत नाही. जुळणार नाही."

"जुळवायला कोण सांगतंय?" आबांनी डाव्या दरवाजावर हात ठेवला. "सगळी गाडी याच्यासारखी करा."

भाऊ दरवाजाजवळ गेले. बोटांनी रंग चाचपत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"याचा उरलेला डबा कुठे ठेवलास?"